पीस हललं

बदक मेलेलं होतं, याबद्दल पेर्नेतला शंका नव्हती. मार्गोने तिच्यादेखत त्याची मान पिरगळली होती, निम्मी पिसं उपटली होती आणि ते फळीवर टाकून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायला वळली होती. उद्या संत मार्टिनचा सण, त्यामुळे अख्ख्या दिझों गावाला आज बदक हवं होतं आणि तेही दुसऱ्याच्या हातातलंच. मार्गोच्या पायाशी निखाऱ्यांचं घमेलं होतं, हात शेकायला आणि उरलेली लव जाळायला. फळीच्या कडेवरून बदकाची मान खाली लोंबत होती. त्याच्या चोचीला नखाएवढं पांढरं पीस चिकटलं होतं आणि ते हलत होतं. वर उठायचं, थरथरायचं, खाली बसायचं, पुन्हा वर. वारा म्हणाल तर नव्हता. धुकं सकाळपासून छपरांवर बसलं होतं ते अजून उठलं नव्हतं. पेर्नेतचं टोपलं हातातच राहिलं. हे असं हलणं तिने आजवर एकतीस वेळा पाहिलं होतं. पण बदकाच्या तोंडावर नाही.

"काय बघताय मावशी? घ्यायचंय, की नुसतं दर्शन?" मार्गो म्हणाली.

"पीस हलतंय."

"मग? खाली विस्तव आहे. ऊन हवा वर जाते, ते हलवते. सकाळपासून माझ्या नाकातोंडात पिसंच आहेत, कुठं म्हणून उडायची राहिली नाहीत. मेलंय हो ते. घरी नेल्यावर उठून पळालं तर दुसरं देईन, मग तर झालं?"

बाजूच्या दोघीतिघी हसल्या. पेर्नेतने लाकडी जोड्याच्या टोकाने घमेलं हातभर बाजूला सरकवलं. पीस खाली बसलं आणि बसूनच राहिलं. तिने घमेलं पुन्हा मानेखाली आणलं. पीस उठलं. तिने आणखी एकदा सरकवलं, आणखी एकदा आणलं.

"अहो, माझी शेगडी का लाथाडताय सकाळीसकाळी?" मार्गो म्हणाली. "मावशींना आज झालंय काय?"

मावशींना काय झालंय हे मावशींना अजून नीट कळलं नव्हतं. पेर्नेत साठीची, चाळीस वर्षं सुईणपण केलेली बाई. गावातली अर्धी डोकी तिच्या हातांतून बाहेर आलेली. पण तिचा खरा मान वेगळाच होता. नदीपल्याड मारिया मातेचं छोटं देऊळ होतं आणि तिथं ती शपथेची बाई होती. मेलेलं मूल जन्माला आलं की बाप ते फडक्यात गुंडाळून तिथं न्यायचा. वेदीच्या पायरीवर ते निजवायचे, बिचाऱ्याला ऊब मिळावी म्हणून दोन्ही अंगांना निखारे ठेवायचे, ओठांवर पीस ठेवायचे आणि सगळे गुडघ्यांवर बसून मातेला आळवायचे. फार काही मागायचं नसे. मूल परत द्या असं कुणी म्हणत नसे. एका श्वासापुरता जीव द्या, तेवढ्यात पाणी घालतो, नाव देतो, मग न्या. पीस हललं की दोन शपथेच्या बायका शुभवर्तमानाच्या पुस्तकावर हात ठेवून सांगायच्या, जीव पाहिला. मग पाद्री बाप्तिस्म्याचं पाणी घालायचा, घंटा व्हायची आणि मुलाला आवारात, आजोबा-पणजोबांच्या शेजारी जागा मिळायची. पीसही त्याच्याबरोबर जायचं. आणि नाही हललं, तर भिंतीपलीकडचा चर. तिथं खूण नाही, नाव नाही. अशा मुलांसाठी वरतीही एक वेगळी जागा आहे असं पाद्री सांगत. तिथं जाळ नाही, दुःख नाही, पण देवाचं तोंड काही दिसत नाही. कधीच नाही. पेर्नेत एकतीस वेळा 'पाहिला' म्हणाली होती आणि सात वेळा 'नाही' म्हणाली होती. त्या सातांमुळे तिच्या एकतिसांना वजन होतं. पेर्नेत खोटं बोलायची नाही हे दिझोंमध्ये पोराटोरांनाही ठाऊक होतं आणि सगळ्यांत जास्त ते पेर्नेतला ठाऊक होतं.

जिरार तिथंच, माणसांतून वाट काढत आला. तिचा जावई, लेक ओदिलचा नवरा, लोकर पिंजणारा, अंगापिंडाने बैल आणि बोलायला उंदीर. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि टोपी काढून हातात चुरगाळू लागला, तेव्हाच तिला कळलं.

"काय?" ती म्हणाली.

"मुलगी. काल दुपारी. रडलीच नाही."

"मला का नाही बोलावलं?"

"ओदिल नको म्हणाली." त्याने खाली पाहिलं. "आत्ताही तिनं नाही बोलावलं, आई. मीच आलोय. शपथेच्या दुसऱ्या बाईला ताप आहे. एक बेर्तआजी आहे आणि तिला दोन हातांवरचं दिसत नाही. तुम्ही नाही आलात तर शपथ व्हायचीच नाही."

पेर्नेतने टोपलं मार्गोच्या फळीखाली सारलं आणि ती चालू लागली. जिरार मागोमाग. तो बोलत नव्हता हे बरं होतं, कारण तिच्या डोक्यात ते पीस वरखाली होत होतं. ते थांबवायला ती तिची नेहमीची प्रार्थना पुटपुटू लागली. ही प्रार्थना तिला तिच्या आईने शिकवली होती, दोघींनी म्हणायची, अर्धी एकीने, अर्धी दुसरीने. 'मोजायला बसलास, राजा, तर माझं काहीच उरणार नाही' हे पहिलीने म्हणायचं. 'म्हणून मोजू नकोस. मला ओळख आणि आत घे' हे दुसरीने. आई गेल्यावर ती पहिलं अर्धं म्हणायची आणि चिमुरडी ओदिल, तोंडात अंगठा घालून, दुसरं. 'ओळख'चं 'ओयख' करायची. गेली नऊ वर्षं दोन्ही अर्धी पेर्नेत एकटीच म्हणत होती आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या अर्ध्यात तिचा जीव कधी फारसा नव्हताच. देवळाच्या भिंतीवर न्यायाच्या दिवसाचं चित्र होतं. वर राजा, म्हणजे देव, बसलेला, खाली देवदूत मिकाएल तराजू धरून, आणि एका पारड्यावर, कुणाचं लक्ष नसावं अशा बेताने, मारिया मातेचं बोट. विणकर पोरं हसायची, देवाच्या आईनं काटा मारला म्हणायची. पेर्नेतला त्यांचा राग यायचा आणि मनातल्या मनात त्या बोटाचाही थोडा यायचा. तिला मारिया मातेपेक्षा तो राजा जवळचा वाटे. तो सरळ होता. त्याला फसवता येत नव्हतं. तिचं आणि त्याचं जमत होतं, कारण दोघंही जे आहे ते सांगणारे.

म्हणून तर नऊ वर्षांपूर्वी ती डगमगली नव्हती. ओदिलचं पहिलं, मुलगा, तिच्याच हातांत निळा पडून आला. लग्न होऊन तेव्हा पाचच महिने झालेले, आणि मूल मात्र पुऱ्या दिवसांचं. हिशेब गावाने बोटांवर केला होता. पेर्नेतने स्वतः त्याला देवळात नेलं. पायरीवर निजवलं, ओठांवर पीस ठेवलं, दुपारपासून दिवस कलेपर्यंत डोळा लवू दिला नाही. पीस तिथं होतं तसंच होतं, दगडावर ठेवल्यासारखं. पाद्र्याने विचारलं आणि ती म्हणाली, नाही. आवाजसुद्धा कापला नाही. लोक तिच्या पाया पडायचे बाकी होते, सख्ख्या नातवासाठीही बाई खोटं बोलली नाही म्हणून. घरी आल्यावर ओदिलने खाटेवरून नुसतं पाहिलं. तेव्हा पेर्नेत जे बोलली ते अजून तिच्या कानात होतं, कारण ते बोलताना तिला बरं वाटलं होतं. 'लग्नाआधीचं पोट होतं, पोरी. हा न्याय आहे त्याचा. मी त्यात काय करू?' ओदिलने भिंतीकडे तोंड केलं. ते तोंड नऊ वर्षं तसंच होतं. रस्त्यात भेट झाली तर ओदिल बाजूला होऊन वाट द्यायची, परक्या बाईला देतात तशी.

पुलावर गार हवा लागली आणि पेर्नेत थांबली. नदीवर धूर होता. कातडी कमावणाऱ्यांनी काठावर, पुलाला लागूनच, शेकोटी केली होती. तिने हात पुढे करून शेकले असते, पण तिला एकदम त्या दिवशीचे तिचे हात आठवले. बोटं वाकत नव्हती इतकी गारठलेली. पीस ठेवायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला होता. देवळात एवढा गारठा का होता? वसंत तर लागला होता. शेजारी बेर्त म्हणाली होती, मेलं या दिवशी हात शेकायचीही सोय नाही. या दिवशी. कोणत्या दिवशी? पेर्नेतने कठड्याचा दगड धरला. ईस्टरच्या आधीचा शनिवार होता तो. राजा थडग्यात असतो तो दिवस, देवळातला झाडून सारा विस्तव विझवून ठेवतात, मेणबत्त्या, दिवे, निखारे, सगळं. रात्री गारगोटी घासून नवा पेटवेपर्यंत ठिणगी म्हणून नसते. बाळाला ऊब नव्हती. घमेली रिकामी, उपडी घालून कोपऱ्यात होती. ती तिला आत्ता डोळ्यांसमोर दिसली, एक चेमटलेलं, एक कडी तुटलेलं.

"आई, बरं नाही का?" जिरार म्हणाला.

"त्या दिवशी शनिवार होता," ती म्हणाली.

"कोणत्या दिवशी?"

ती कठडा सोडून चालू लागली. उरलेले सहा? तिने त्यांना आठवायचा प्रयत्न केला. एक मुसळधार पावसातला, कोळसे भिजून नुसता धूर झाला होता. एक भल्या पहाटेचा, विस्तव आणायला गेलेला माणूस परत आलाच नव्हता. बाकीचे आठवेनात, आणि आठवेनात हेच बरं असं तिला वाटलं. एकतिसांवर दया झाली आणि सातांचा न्याय झाला, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. वर कुणीतरी बसून बारकाईने बघतंय, हे हवं, हे नको. आणि तिथं नुसते कोळसे होते. असले तर दया आणि नसले तर न्याय. मग तो राजा काय करत होता त्या सगळ्या वेळात? त्याने सांगितलं नाही. ती त्याच्या नावाने एवढं ठामपणे बोलत राहिली आणि त्याने एकदाही तिच्या तोंडावर हात ठेवला नाही.

देवळाच्या दाराशी गाडी उभी होती. गाडीत पेंढ्यावर, अंगावर दोन घोंगड्या घेऊन ओदिल बसली होती. बाळंतिणीला चाळीस दिवसांआधी देवळात पाऊल टाकता येत नाही आणि घरून हलायचंही नसतं, पण तिने कुणाचं ऐकलं नसणार. चेहरा मेणासारखा पिवळा. मांडीवर फडक्याचं गाठोडं. ते जिरारच्या हातांत देताना तिने फडकं जरा वर ओढलं, गालाला गार लागू नये म्हणून. मग तिने आईकडे पाहिलं, नऊ वर्षांत पहिल्यांदा सरळ.

"तू आलीस."

"दुसरी बाई आजारी आहे."

"माहीत आहे मला. तुझ्याकडं काही मागत नाही मी." ओदिलचे ओठ सुकले होते. "जे दिसेल ते सांग. तुला दुसरं येतच नाही काही."

आत पाद्री आन्सेलने दार लावून घेतलं, वारा येऊ नये म्हणून. तो याबाबत काटेकोर होता; झरोक्यातही चिंधी कोंबायचा, उगाच कुणी म्हणायला नको. लांब मानेचा, सर्दीने कायम नाक ओढणारा माणूस, पण मनाने वाईट नाही. बेर्त भिंतीला टेकून बसली होती. पेर्नेत शेजारी गुडघे टेकताच ती कानाशी लागली. "तू बघ गं. तू म्हणशील ते मी. माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही." जिरारने मुलगी पायरीवर निजवली. कपाळ रुंद होतं, ओदिलचं. कानाच्या पाळीवर लव होती. मग घमेली आली, दोन, लालबुंद भरलेली. त्यांतलं एक चेमटलेलं होतं. पाद्र्याने ती अगदी जवळ सरकवली आणि ओठांवर पीस ठेवलं.

प्रार्थना सुरू झाली. पेर्नेतचे ओठ हलत होते पण डोळे पिसावर होते. नको हलू, असं तिला एकदा वाटलं. हललं नाहीस तर माझं काम सोपं आहे, मी जे दिसलं ते सांगेन आणि घरी जाईन. आणि लगेच तिला स्वतःची किळस आली, कारण हेच ते नऊ वर्षांपूर्वीचं बरं वाटणं होतं. पीस हललं. कडेने उठलं, थरथरलं, बसलं, पुन्हा उठलं. जिरारच्या घशातून आवाज निघाला. अगदी त्या बदकासारखंच हलत होतं, तितक्याच वेगाने, आणि पेर्नेतला हसू येतंय की रडू हे तिला कळेना. खोटी शपथ, शुभवर्तमानावर हात ठेवून, जाणूनबुजून. तिला त्याचं मोल माहीत होतं. भिंतीवरच्या चित्रात डाव्या कोपऱ्यात अशा लोकांची जीभ चिमट्यात धरलेली होती. लहानपणापासून ती त्यांच्याकडे बघून म्हणायची, मी नाही त्यांतली. आता एक शब्द बोलली की त्यांतली. नाही बोलली की ही पोर चरात, भावाच्या शेजारी.

"विस्तव," तिच्या तोंडून निघालं. "विस्तव जरा बाजूला घेतला तर…"

पाद्री आन्सेलने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग नाक ओढून हळूच म्हणाला, "कशाला, पेर्नेतबाई? लेकराला गार होईल."

मेलेल्या मुलीला गार होईल. मघाशी गाडीत ओदिलने फडकं वर ओढलं होतं ते याच कारणाने. पेर्नेतने चित्रातल्या राजाकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर काही नव्हतं, कधीच नसायचं. तिने त्याला मनात सांगितलं, तू मोज. माझं खुशाल मोज, मी नको म्हणणार नाही. मग तिने खाली, त्या पारड्यावरच्या बोटाकडे पाहिलं. तिला पहिल्यांदाच दिसलं की बोट कामकरी बाईचं होतं, नख आखूड आणि पेर सुजलेलं.

"शपथेवर सांगा," पाद्री म्हणाला. "जीव पाहिलात?"

पीस हललं, एवढंच म्हणता आलं असतं. ते खरं होतं. पण विचारलं ते नव्हतं, आणि आडून बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. तिने पुस्तकावर हात ठेवला. हात गरम होता.

"पाहिला," पेर्नेत म्हणाली.

"पाहिला," बेर्त म्हणाली.

पाणी पडलं. मुलीचं नाव मारी ठेवलं. घंटा झाली आणि जिरार घंटेखालीच मटकन बसून मोठ्याने रडू लागला. पेर्नेतला काही झालं नाही. जमीन फाटली नाही, जीभ जागेवर होती. ती उठली, गुडघे झाडले आणि दार उघडून बाहेर आली.

ओदिल गाडीची कड दोन्ही हातांनी धरून बसली होती. घंटा तिने ऐकली होती, पण चेहऱ्यावर हसू नव्हतं की रडू नव्हतं. बाई नऊ वर्षं एकच गोष्ट मनात घोळवत असली की तिला दुसरं काही पटकन सुचत नाही.

"हलली?"

"हो."

"हिचं काय चांगलं होतं?" ओदिल म्हणाली. "मी तीच. जिरार तोच. त्याच्यात असं काय कमी होतं, की त्याला नको म्हटलं? तू तिथं होतीस. तूच सांग."

पेर्नेतला गप्प बसता आलं असतं. गप्प बसली तर ही पोर सुखाने मातीत जाईल, आणि तो मुलगा नको म्हटलेलाच राहील, कायमचा. बोलली तर आताच घेतलेली शपथ लेकीच्या पदरात कोळशासारखी पडेल. तिने गाडीचं चाक धरलं आणि खालच्या आवाजात, आत ऐकू जाणार नाही अशा बेताने, सांगितलं. बदक सांगितलं, मार्गोचं घमेलं सांगितलं. तो दिवस ईस्टरच्या आधीचा शनिवार होता ते सांगितलं.

"विस्तव नव्हता गं," ती म्हणाली. "एवढंच. न्यायबिय काही नव्हता. मी तुला म्हटलं ते माझ्या मनातलं होतं, त्याच्या नव्हे."

ओदिल ऐकत होती. मग तिची नजर देवळाच्या उघड्या दारातून आत गेली, पायरीकडे, दोन लाल घमेल्यांकडे, आणि तिथून परत आईच्या हाताकडे आली.

"आणि तू आत्ता शपथ घेतलीस."

"हो."

"माहीत असून."

"हो."

"तू?"

पेर्नेतने मान डोलावली. आता ही तोंड फिरवणार, असं तिला वाटलं आणि तिने त्याची तयारी केली. जिरार आतून फावडं घेऊन निघाला आणि आवारात, आजोबांच्या कडेला, खणू लागला. माती ओली होती, आवाज मऊ येत होता. ओदिल तो आवाज ऐकत राहिली.

"म्हणजे त्याला कुणी नको म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. हे ती दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज फुटला आणि नऊ वर्षांचं रडू एकदम आलं, अंग गदगदून, दूध भरून आलेल्या छातीवर हात दाबून. पेर्नेतला तिला जवळ घ्यायचं होतं पण हात उचलेना. तिने आयुष्यात हजारो बायकांना धरलं होतं. इथं धरायचा हक्क उरलाय का ते तिला माहीत नव्हतं.

बऱ्याच वेळाने ओदिलने घोंगडीने तोंड पुसलं. "तुझं काय होणार आता?"

"बघेल तो वरचा."

"घाबरलीस?"

"हो," पेर्नेत म्हणाली. आणि ते खरं होतं; तिला आता थंडी वाजत होती, दात एकमेकांवर आपटत होते. काय करावं न सुचून ती जे नेहमी पुटपुटायची तेच पुटपुटू लागली. "मोजायला बसलास, राजा, तर माझं काहीच उरणार नाही." तिथं ती अडली. पुढचं तिला म्हणवेना. तोंड उघडलं होतं आणि शब्द येत नव्हते, कारण आज पहिल्यांदाच तिला त्यांची गरज होती.

ओदिलने घोंगडीची एक कड उचलून तिच्या खांद्यावर टाकली.

"म्हणून मोजू नकोस," ओदिल म्हणाली. "हिला ओळख आणि आत घे."